तंजावरला जाण्यापूर्वी

पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाची राजधानी आक्रा येथे कामानिमित्त प्रथमच निघालेल्या मराठी माणसाच्या घरातील लगबग पाहण्यासारखी असते. प्रवासाच्या दोन महिने आधीपासून कागदपत्रांची एक फाईल तयार होऊ लागते. पासपोर्टची मुदत तपासली जाते, व्हिसाचा अर्ज भरला जातो, सरकारमान्य केंद्रावर जाऊन पीतज्वराची लस टोचून घेतली जाते. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र पासपोर्टइतकेच जपावे लागते, हे घरातील शाळकरी मुलालाही पाठ होऊन जाते. हिवतापाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घेतला जातो. तेथील चलनाचे नाव सेडी, पावसाचे महिने कोणते, शाकाहारी जेवण कोठे मिळेल, विमानतळावरून मुक्कामी जाताना टॅक्सीला किती द्यावे, याची चौकशी तेथे राहून आलेल्या परिचिताकडे केली जाते. निघण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत त्या घरातील प्रत्येकाला आक्राविषयी दहा-वीस गोष्टी तरी ठाऊक झालेल्या असतात.

हाच गृहस्थ पुढील वर्षी सहकुटुंब दक्षिण भारताच्या सहलीस निघतो. सहलीच्या माहितीपत्रकात रामेश्वर, मदुराई आणि कन्याकुमारी यांच्या मध्ये कोठेतरी तंजावरचे नाव असते. त्या नावासाठी तो कोणती तयारी करतो? बहुधा कोणतीही नाही. तंजावर आपल्या देशात आहे, तेथे आपलाच रुपया चालतो, व्हिसा लागत नाही, लस लागत नाही. शिवाय तेथे भोसल्यांनी राज्य केले, म्हणजे ते एका अर्थी आपलेच. आपल्याच घरी जायचे तर तयारी कसली, अशी ही समजूत आहे. परिणाम असा होतो की, आक्राहून परतलेला प्रवासी त्या शहराविषयी तासभर बोलू शकतो आणि तंजावरहून परतलेला प्रवासी मंदिर फार मोठे होते एवढे सांगून थांबतो. मराठी माणसाने तंजावरला जाण्याची तयारी परदेशातील अपरिचित राजधानीला जावे तशी केली पाहिजे. याची कारणे भावनेत शोधण्याची गरज नाही. ती त्या शहराच्या भिंतींवर आणि कपाटांत आहेत.

अडीच तासांचे दर्शन

सहलीची बस सामान्यतः सकाळी उशिरा तंजावरला पोहोचते. दुपारी काही तास मंदिर बंद राहणार असल्याने घाई असते. पादत्राणे बाहेर ठेवून तापलेल्या दगडी फरशीवर पाय पडतो आणि सर्वांचे लक्ष शिखराकडे जाण्याऐवजी सावली शोधण्याकडे लागते. वाटाड्या सांगतो की, या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही. वास्तविक ती पडते. सकाळी व सायंकाळी कोणालाही ती पाहता येते. परंतु पडताळून पाहण्याइतका वेळ कोणाकडे नसतो. त्यानंतर जेवणाच्या पानावर सांबार येते आणि ते नाव संभाजीराजांवरून पडले ही कथा निघते. कथा गोड आहे, पण तिला समकालीन कागदाचा आधार नाही. मग डोलणाऱ्या बाहुल्यांची खरेदी होते आणि बस पुढे निघते. अडीच-तीन तासांच्या त्या मुक्कामात दोन आख्यायिका आणि काही छायाचित्रे पदरात पडतात.

या मंदिराची ओळख आपल्याला नाही असे म्हणता येणार नाही. बँकेच्या जुन्या कर्मचाऱ्यांना तर ती वेगळ्या कारणाने आहे. रिझर्व्ह बँकेने १९५४ साली काढलेल्या एक हजार रुपयांच्या नोटेवर याच मंदिराचे चित्र होते. त्याच मालिकेतील पाच हजारांच्या नोटेवर मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया होते. जानेवारी १९७८ मध्ये या मोठ्या नोटा चलनातून रद्द झाल्या. पुढे २०१० साली मंदिराला एक हजार वर्षे पूर्ण झाली, तेव्हा भारत सरकारने त्या निमित्ताने एक हजार रुपये दर्शनी मूल्याचे स्मारक नाणे काढले. असे हे मंदिर नोटेवर आले आणि नाण्यावरही आले. मात्र नोट हाती येणे आणि नोटेवरील वास्तू समजणे या दोन गोष्टींत जितके अंतर आहे, तितकेच अंतर अडीच तासांचे दर्शन आणि तंजावर यांत आहे.

भिंतींवरील हिशेब

बृहदीश्वराचे मंदिर चोळ सम्राट पहिला राजराज याने बांधले आणि ते १०१० साली पूर्णत्वास गेले. शिखराची उंची सुमारे दोनशे सोळा फूट भरते. हे आकडे कोणत्याही माहितीपत्रकात सापडतात. माहितीपत्रकात सहसा न सापडणारी गोष्ट म्हणजे मंदिराच्या जोत्यावर कोरलेले हिशेब. राजाने स्वतः काय दिले, त्याच्या थोरल्या बहिणीने काय दिले, राण्यांनी काय दिले आणि इतरांनी काय दिले, ते सर्व दगडावर कोरून ठेवावे अशी आज्ञा राजराजाने केली आणि ती अक्षरशः पाळली गेली. दागिन्यांची वजने, मूर्तींची मापे, सेवकांचे वेतन या सर्वांच्या नोंदी तेथे आहेत. मंदिराच्या सेवेसाठी निरनिराळ्या गावांतून आणलेल्या चारशे नर्तकींची नावे, त्या कोणत्या देवालयातून आल्या आणि त्यांना कोणत्या गल्लीत कितवे घर दिले, हेही त्यात आहे.

बँकेशी नाते असलेल्या वाचकाने तर या लेखांपुढे अवश्य थांबावे. मंदिराच्या निधीतील रक्कम गावसभांना कर्जाऊ दिली जात असे आणि तिच्या व्याजातून दिवाबत्ती, नैवेद्य व पूजेचा नित्य खर्च भागविला जात असे. कासू हे त्या काळचे नाणे. दर कासूमागे वर्षाला अष्टमांश कासू व्याज, म्हणजे द.सा.द.शे. साडेबारा, असा दर या शिलालेखांत आढळतो. मुद्दल सुरक्षित ठेवावे, व्याजातून खर्च चालवावा, कर्जदार सभेचे नाव जाहीरपणे लिहावे आणि लेख असा करावा की जो कोणाला खोडता येऊ नये. ही शिस्त एक हजार वर्षांपूर्वी याच आवारात होती. तमिळ लिपी न येणाऱ्या पाहुण्याला हे लेख वाचता येणार नाहीत हे खरे. परंतु तेथे काय लिहिले आहे हे आधी ठाऊक असेल, तर तीच भिंत त्याच्याशी बोलू लागते. ठाऊक नसेल, तर ती नक्षीदार भिंत एवढीच राहते.

याच मंदिराच्या प्राकारात नैऋत्येकडील भिंतीवर एक लेख असा आहे की तो मराठी पाहुण्याला समजू शकतो. दुसरे सरफोजीराजे यांच्या आज्ञेवरून १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास तेथे मराठीत कोरविण्यात आला. बाबूराव चिटणीस यांनी तो सिद्ध केला. देशातील अतिविस्तृत शिलालेखांत त्याची गणना होते. राजराजाने आपल्या दानांचा हिशेब जेथे कोरला, त्याच आवारात आठशे वर्षांनंतर आलेल्या दुसऱ्या भाषेच्या राजाने आपल्या कुळाची हकीकत कोरली. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, कावेरीच्या खोऱ्यात, दगडावर आपली भाषा पाहण्याचा हा प्रसंग साधा नाही. तरीही त्या भिंतीपाशी न जाताच बसमध्ये परतणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्या मोठी आहे. तेथे असे काही आहे, हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.

राजवाड्यातील कपाटे

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ साली, दोघा भावांची भेट झाली ती तंजावर नगरात नव्हे, तर कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमळवाडी येथे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि १८५५ साली अखेरचे राजे शिवाजी यांच्या निधनानंतर राजपदही संपले. सुमारे एकशे ऐंशी वर्षांच्या या काळात तंजावरला जे घडले, त्याचा मोठा भाग रणांगणावर घडलेला नाही. तो ग्रंथशाळेत, रंगमंचावर, पाठशाळेत आणि अन्नछत्रांत घडलेला आहे. मराठी वाचकाला आपला इतिहास लढायांच्या अनुक्रमाने वाचण्याची सवय असल्यामुळे कदाचित या राज्याकडे त्याचे दुर्लक्ष झाले असावे.

व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होते. त्यांनी तेलुगू नाटके लिहिली आणि मराठीतही लिहिली. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक सतराव्या शतकाच्या अखेरीचे मानले जाते. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीला रंगभूमीवर आले ते १८४३ साली. मराठी नाटकाचा आरंभ कोठे धरावा याविषयी विद्वानांत मतभेद असू शकतील. पण हा प्रश्न तंजावरच्या कपाटांमुळे उपस्थित होतो, एवढे तरी नाट्यवेड्या महाराष्ट्राने जाणून घ्यावे.

ती कपाटे राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. नायक राजांच्या काळापासूनचा हा संग्रह दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढविला. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी भाषांतील हजारो हस्तलिखिते तेथे असून त्यांपैकी मराठी हस्तलिखितांची संख्या सुमारे तीन हजार आहे. युरोपीय भाषांतील ग्रंथही सरफोजींनी जमविले आणि त्यांपैकी अनेकांवर त्यांची स्वाक्षरी आढळते. त्यांच्या छापखान्यात देवनागरी टाइपावर इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ साली छापला गेला. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा त्यांच्या मुदपाकखान्यातील पदार्थांचा मराठी ग्रंथही याच संग्रहातला. सांबाराच्या आख्यायिकेपेक्षा तंजावरच्या स्वयंपाकघराची ही अधिक विश्वासार्ह साक्ष आहे.

यांखेरीज राज्यकारभाराचे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत आणि अशा रुमालांची संख्या तेराशेहून अधिक आहे. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९८१ साली तंजावर येथे स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने या मोडी कागदांपैकी काहींचे तमिळ भाषांतर करवून ते प्रसिद्ध केले. म्हणजे पुणे-मुंबईच्या सुशिक्षित पाहुण्याला आपल्याच भाषेचा जो कागद काचेआड पाहून पुढे जावे लागते, त्याचा आशय एखादा तमिळ विद्यार्थी आपल्या भाषेत वाचू शकतो. यात तमिळ अभ्यासकांचे कौतुक आहे आणि आपल्यासाठी थोडी लाजही आहे.

एक जुना प्रवास

दूरच्या नगरीला प्रथम जाण्याची सिद्धता कशी करावी, याचे उदाहरणही तंजावरच देते. सरफोजीराजे १८२० साली काशीयात्रेस निघाले. बरोबर सुमारे तीन हजार माणसे होती. आगगाडीचा काळ अजून दूर होता. मुक्काम कोठे करायचा, पाणी व चारा कोठे मिळेल, नद्या कोणत्या हंगामात उतरायच्या, वाटेत दानधर्माला पैसा कसा उपलब्ध होईल, याचा विचार केल्याशिवाय असा तांडा हलूच शकला नसता. प्रयाग, काशी आणि गया ही त्रिस्थळी यात्रा करून राजे परतले, ते हस्तलिखिते आणि काशीच्या घाटांची चित्रे घेऊन. या यात्रेच्या लावण्याही रचल्या गेल्या व त्या जतन झाल्या. परतताना काय आणायचे आहे, हे त्या प्रवाशाला निघतानाच ठाऊक होते. त्याची तीर्थयात्रा आणि अभ्यास यांत विरोध नव्हता.

दुसऱ्यांच्या प्रवासाची सोय करण्यातही तंजावरचे राजे मागे नव्हते. रामेश्वराच्या वाटेवर त्यांनी छत्रे, म्हणजे अन्नछत्रे व धर्मशाळा, बांधली. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र आजही पाहता येते. सरफोजींनी १८०१ साली ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांची व्यवस्था वर्णिली आहे. सर्व जातींच्या वाटसरूंना जेवण मिळे, शिजविलेले अन्न न घेणाऱ्यांना शिधा मिळे, आजाऱ्यांना वैद्य व औषध मिळे, गरोदर स्त्रियांची काळजी घेतली जाई. राज्याचा कारभार हातून गेलेला हा राजा छत्रांचे उत्पन्न अबाधित राहावे यासाठी आग्रह धरत होता. अनोळखी प्रवाशाची जेथे इतकी फिकीर केली गेली, त्या गावी आज आपण अडीच तास थांबतो, हा विरोधाभास मनाला बोचावा असा आहे.

नियोजनाचा आराखडा

तंजावरसाठी किमान तीन दिवस राखून ठेवावेत. हंगाम जानेवारी ते मार्चच्या आरंभापर्यंतचा उत्तम. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत तेथे ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि एप्रिल-मेमध्ये अनवाणी फिरणे कठीण होते. जानेवारीच्या मध्यास पोंगलची गर्दी असते. त्याच सुमारास किंवा थोडे पुढे तिरुवैयारू येथे संत त्यागराजांची आराधना असते. संगीतप्रेमींना ती पर्वणी आहे, पण निवासाची व्यवस्था तेव्हा बरीच आधी करावी लागते. रेल्वेचे आरक्षण सध्या प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. विमानाने जाणाऱ्यांना तिरुचिरापल्ली सोयीचे असून तेथून तंजावर सुमारे साठ किलोमीटर आहे.

पहिल्या दिवशी सायंकाळी मंदिरात जावे आणि नुसते बसावे. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास पुन्हा जावे. फरशी थंड असते, शिखरावर कोवळे ऊन असते आणि सावलीविषयीच्या कथेचा निकालही आपोआप लागतो. जोत्यावरील लेख आणि प्राकारातील मराठी लेख याच वेळी पाहावेत. शिवगंगा उद्यानाजवळचे श्वार्त्झ यांचे प्रार्थनामंदिरही जवळच आहे. जर्मन धर्मोपदेशक श्वार्त्झ हे सरफोजींचे बालपणापासूनचे पालक व गुरू. त्यांच्या स्मरणार्थ सरफोजींनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरूपाशी उभा असलेला मराठी राजा त्यात दिसतो. दुपारी मंदिर बंद असते, तो वेळ राजवाडा, तेथील चोळकालीन ब्राँझ मूर्ती आणि ग्रंथालयाचे संग्रहालय यांना द्यावा. साप्ताहिक सुटीचा दिवस आधी विचारून घ्यावा. मूळ हस्तलिखित अभ्यासासाठी पाहायचे असेल, तर पत्र लिहून पूर्वपरवानगी घ्यावी. तिसरा दिवस दारासुरम व गंगैकोंडचोळपुरम येथील मंदिरांसाठी ठेवावा. बृहदीश्वर १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत आले आणि २००४ साली या दोन मंदिरांचा त्यात समावेश झाला.

पैशांचे नियोजनही सोपे आहे. मोबाईलवरून रक्कम देण्याची सोय आता सर्वत्र झाली असली, तरी रिक्षा, फुले आणि पादत्राणांची राखण यांसाठी सुट्या पैशांचा बटवा जवळ असावा. तंजावरची सोन्याच्या वर्खाची चित्रे महाग असतात आणि त्यांची स्वस्त नक्कलही विकली जाते. वर्ख अस्सल आहे का हे विचारून, बिल घेऊनच ती विकत घ्यावीत. सहलीच्या खर्चासाठी वर्षभर आधी आवर्ती ठेव सुरू करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. तिच्या जोडीला वाचनाचीही एक आवर्ती ठेव सुरू करावी. महिन्याला एक प्रकरण, एवढाच हप्ता पुरेसा आहे. राजराज चोळाविषयी थोडे, नायकांविषयी थोडे, भोसल्यांविषयी थोडे आणि घरातील एखाद्या तरुणाने मोडीची बाराखडी शिकणे, इतके व्याज वर्षाअखेरीस हाती आले, तरी तंजावरचे दर्शन निराळे होईल.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, प्रत्येक प्रवासी संशोधक नसतो. वर्षातून एकदा रजा मिळते, घरात वृद्ध मंडळी असतात, त्यांना रामेश्वराचे दर्शन घडवायचे असते. अशा वेळी शिलालेखांचा अभ्यास कोण करणार? या म्हणण्यात तथ्य आहे. बँकेत काउंटरवर बसणाऱ्याला किंवा दुकान चालविणाऱ्याला तीन दिवस काढणे सोपे नाही. परंतु आक्राला जाणारा गृहस्थही संशोधक नसतो. अपरिचित ठिकाणी अडचण येऊ नये म्हणून तो माहिती मिळवितो आणि ती मिळविता मिळविता त्याला त्या ठिकाणाविषयी कुतूहल वाटू लागते. तीन दिवस जमत नसतील तर एक मुक्काम करावा. एक मुक्कामही जमत नसेल, तर निदान त्या मराठी भिंतीसाठी अर्धा तास मागून घ्यावा. सहल नेणाऱ्या संस्थाही ग्राहक जे मागतील ते कार्यक्रमात घालतात. आजवर कोणी मागितलेच नाही, ही अडचण आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे. मराठी पाहुण्याला तंजावरमध्ये मराठी खुणा शोधायला लावणे म्हणजे त्याचा अहंकार जोपासणे नव्हे काय? हा धोका खरा आहे. आम्ही येथे राज्य केले, या ताठ्याने फिरणाऱ्याला तंजावर समजणार नाही. तेथील भोसले राजे तेलुगूत लिहीत, संस्कृत पंडितांना आश्रय देत, तमिळ प्रजेच्या देवळांना दाने देत आणि चोळांनी बांधलेल्या शिवालयात पूजा करीत. ते त्या भूमीचे झाले, म्हणूनच त्यांच्या खुणा तेथील लोकांनी जपल्या. हे जाणण्यासाठीही तयारीच लागते. अहंकाराला तयारीची गरज भासत नाही.

आपले आणि परके

आक्रा आणि तंजावर यांचा आणखी एक दुवा आहे. तंजावरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रकाठी तरंगमबाडी आहे. १६२० साली तंजावरचे रघुनाथ नायक यांनी डॅनिश व्यापाऱ्यांना तेथे वखारीची परवानगी दिली आणि त्यांनी किल्ला बांधला. पुढे मराठा राजांशीही त्यांचा संबंध राहिला. त्याच शतकाच्या मध्यास डॅनिश लोकांनी आक्राच्या किनाऱ्यावर ख्रिश्चनबोर्ग हा किल्ला उभारला. त्या किल्ल्यातून सोन्याबरोबर माणसांचाही व्यापार झाला, हे त्या शहराचे दुःख आहे. तरंगमबाडी १८४५ साली आणि आक्राचा किल्ला १८५० साली, दोन्ही इंग्रजांना विकले गेले. एकाच राष्ट्राच्या जहाजांनी जोडलेल्या या दोन किनाऱ्यांपैकी एकाला आपण परका मानून त्याचा अभ्यास करतो आणि दुसऱ्याला आपला मानून त्याच्याकडे पाठ फिरवितो.

तंजावर आणि कुंभकोणम परिसरातील मराठी कुटुंबांनी आपली भाषा तीनशे वर्षे घरात सांभाळली. राजा सर टी. माधवराव यांच्यासारखा त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचा दिवाण याच समाजातून आला. आज त्यांपैकी अनेक घरांतील तरुण चेन्नई-बंगळुरूला किंवा परदेशी गेले आहेत आणि घरातील मराठी वडीलधाऱ्यांपुरती उरत चालली आहे. त्या मराठीत जुनी रूपे टिकून आहेत आणि तमिळचे वळणही मिसळले आहे. पुण्याच्या कानाला ती वेगळी लागेल. अशा घरातील एखाद्या आजोबांची गाठ पडलीच, तर त्यांच्या बोलण्याला हसू नये, ते दुरुस्त करू नये, ते ऐकावे. वणक्कम, नन्री, तण्णीर, एव्वळवु, एंगे हे पाच तमिळ शब्द आपणही शिकून जावे. नमस्कार, आभार, पाणी, किती आणि कोठे एवढ्यावर निम्मी यात्रा पार पडते. दोन शतकांपूर्वी मराठी वाटसरूला तेथे छत्रात पान वाढले गेले, तेव्हा त्याची भाषा कोणी विचारली नव्हती.

पुढील सुटीसाठी दक्षिणेच्या सहलीचे माहितीपत्रक ज्या घरात आज उघडले जाईल, त्या घराने तंजावरच्या नावापुढे लिहिलेले तास पाहावेत आणि ते पुरेसे आहेत काय, असा प्रश्न स्वतःला विचारावा. राजवाड्यातील रुमाल बांधलेले आहेत. भिंतीवरचा लेख १८०३ पासून उघडा आहे. तो वाचायला कोणी येणार असेल, तर त्याने निघण्यापूर्वी घरीच थोडी तयारी केलेली असावी.